शेतातून शेतात जाणारे पूल

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा. एक पूल आहे. विटांचा, एका कमानीचा, चांगला दोनशे वर्षांचा म्हातारा. त्याच्या या टोकाला गवताचं कुरण आणि त्या टोकालाही कुरणच. रस्ता नाही, गाव नाही, बसचा थांबा नाही. पुलाच्या मधोमध गवत उगवलंय. दिवसभरात त्याच्यावरून जातात त्या फार तर पाच-पंचवीस गाई. मग हा पूल बांधला कुणी? आणि कशासाठी?

असे पूल इंग्लंडमध्ये एक-दोन नाहीत, शेकड्यांनी आहेत. ते तिथल्या जुन्या कालव्यांवर आहेत. आपल्याकडे कालवा म्हटला की धरणातून शेताकडे निघालेलं पाटाचं पाणी डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडमधले हे कालवे मात्र पिकांसाठी खणलेले नाहीत. ते मालाने भरलेल्या नावांसाठी खणलेले पाण्याचे रस्तेच आहेत म्हणा ना! आज त्यांच्यावरून कोळसा जात नाही. सुटीवर निघालेली माणसं जातात, आणि नावेतच घर करून राहणारीही कितीतरी आहेत. हे पूल पाहायला लोक मुद्दाम येतात, त्यांची चित्रं काढतात, त्यांच्या शेजारी नाव बांधून रात्र काढतात. पण एक काळ असा आला होता की हे सगळं बुजून जाणार होतं. ते का आणि कसं वाचलं, हे समजून घ्यायचं तर आधी एका घोड्याला भेटायला हवं.

एक घोडा, तीस टन

अठराव्या शतकातले इंग्लंडमधले रस्ते म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल. घोडागाडीतून टन-दोन टन माल नेता नेता घोड्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. त्याच घोड्याला पाण्यावरची नाव ओढायला लावली, तर तो पंचवीस-तीस टन माल सहज ओढायचा! तरंगणाऱ्या वस्तूला चाकं नाहीत, खड्डे नाहीत आणि चढही नाहीत. एकदा नाव हलली की ती हळूहळू चालत राहते.

ब्रिजवॉटरचा ड्यूक फ्रान्सिस एगर्टन याच्या वर्स्ली गावात कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा हवा होता जवळच्या मँचेस्टर शहराला. ड्यूकने कालवा खणायचं ठरवलं. कामाला माणूस निवडला तो जेम्स ब्रिंडली. पाणचक्क्या दुरुस्त करणारा हा कारागीर फारसा शिकलेला नव्हता. अवघड प्रश्न समोर आला की तो अंथरुणात पडून राहायचा आणि उत्तर सापडलं की मगच उठायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. (हे वाचून उद्या सकाळी अंथरुणात लोळत पडू नका हं!) वाटेत अर्वेल नदी आडवी आली, तर त्याने कालवाच पुलावर चढवला. नदीच्या सुमारे १२ मीटर वरून पाण्याने भरलेला पूल आणि त्या पाण्यातून जाणाऱ्या नावा! १७६१ साली हा प्रकार पाहायला लोकांची झुंबड उडाली. ड्यूक तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. पुढे मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला.

मग काय, सगळ्यांनाच कालवे हवेसे झाले. चिनी मातीची भांडी बनवणारा जोसाया वेजवुड तर फारच खूश होता. रस्त्याने गेलेली भांडी वाटेतच फुटायची. पाण्यावरून गेलेली शाबूत पोहोचायची. ट्रेंट अँड मर्सी या कालव्याचं पहिलं ढेकूळ १७६६ साली त्यानेच खणलं. तो कालवा १७७७ मध्ये पुरा झाला.

या कालव्यांवर ब्रिंडलीने लॉक बांधले ते जेमतेम ७ फूट रुंदीचे. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची खोली. नाव आत घ्यायची, दारं लावायची, वरचं पाणी आत सोडायचं की नाव पाण्याबरोबर वर उचलली जाते. खाली उतरायचं असेल तर पाणी बाहेर सोडायचं. लॉक अरुंद म्हणून नावाही अरुंद झाल्या. सुमारे ७० फूट लांब आणि ७ फुटांहून थोड्या कमी रुंद. शेवग्याची शेंगच जणू! त्यांचं नावच पडलं ‘नॅरोबोट’, म्हणजे अरुंद नाव.

पुलाला वशिंड का असतं?

आता कोड्याचं उत्तर. कालवा खणायचा तर शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनी मधोमध कापल्या जाणार. समजा गोठा अलीकडे राहिला आणि कुरण पलीकडे, तर गाईंनी काय पोहत जायचं? म्हणून कालव्याला परवानगी देणाऱ्या कायद्यातच अट असायची, की ज्याची जमीन दुभंगेल त्याला येण्याजाण्यासाठी पूल बांधून द्यायचा. खर्च कालव्याच्या कंपनीचा. त्यामुळेच या पुलांना रस्ता नाही. ते शेतातून निघतात आणि शेतातच उतरतात.

कंपनीला एवढे पूल बांधायचे म्हणजे पैसा वाचवणं आलंच. तुम्ही चित्रात पाहाल तर पुलाखाली कालवा एकदम अरुंद होतो. कारण कमान जितकी छोटी तितक्या विटा कमी. नाव जेमतेम जाईल आणि बाजूने घोडा चालेल, एवढीच जागा ठेवायची. पण घोड्याचं डोकं कमानीला लागता कामा नये, म्हणून कमान उंच हवी. दोन्ही बाजूंची जमीन तर सपाट. मग छोटा आणि उभा चढ, लगेच तसाच उतार. असं झालं पुलाला बैलासारखं वशिंड! शोभेसाठी कुणी हा बाक दिलेला नाही. काटकसर आणि घोड्याची उंची यांच्या हिशेबातून तो आपोआप आला.

बांधायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंटरिंग लावतात ना, तसाच कमानीच्या आकाराचा लाकडी साचा आधी उभा करायचा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी विटा किंवा दगड रचत यायचे. अगदी वर मधोमध शेवटचा दगड बसवला की प्रत्येक दगड शेजारच्याला रेटून धरतो. साचा काढला तरी कमान पडत नाही. उलट वरून वजन आलं की ती आणखी घट्ट बसते. दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेरच्या अंगाला वळवलेल्या आणि किंचित मागे कललेल्या असतात. आतल्या मातीचा रेटा अशा भिंतीला सरळ भिंतीपेक्षा चांगला पेलतो. पाहणाऱ्याला वाटतं, काय सुंदर वळण दिलंय! आणि ते वळण दोनशे वर्षं मातीचा भार सांभाळत उभं असतं.

दगडविटाही लांबून आणायच्या नाहीत. मिडलंड्स भागात खणताना चिकणमाती निघाली, तिथेच भट्टी लावून विटा भाजल्या. पूल लालसर झाले. उत्तरेकडे मॅकल्सफील्डच्या डोंगराळ भागात खरखरीत वाळूचा दगड मिळाला, तिथले पूल करड्या रंगाचे. जी माती शेतात, तीच पुलात. आजूबाजूच्या शेतांत हे पूल इतके शोभून का दिसतात, त्याचं गुपित हे आहे.

तीच चिकणमाती कालव्याच्या तळालाही लागली. पाण्यात कालवून आणि तुडवून तिचा जाड थर दिला की पाणी जमिनीत मुरत नाही. मैलोन् मैल कालवे आजही अशा मातीवर पाणी धरून आहेत.

प्रत्येक पुलाला क्रमांक असतो, तो बहुतेक ठिकाणी बिडाच्या लंबगोल पाटीवर लिहिलेला. मागाहून मधेच एखादा नवा पूल झाला तर? तर त्याला ‘१२ ए’ असा क्रमांक मिळतो. सगळे क्रमांक बदलण्यापेक्षा हे सोपं! नाववाले पत्ता सांगतात तोही असाच: ‘आज रात्री ८५ नंबरच्या पुलापाशी आहोत.’

दोराने कापलेला दगड

कमानीच्या कडेला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर हात फिरवला तर बोटभर खोल खाचा लागतात. एकाखाली एक, गुळगुळीत, चाकूने लोणी कापावं तशा. त्या कुणी कोरलेल्या नाहीत. नाव ओढणाऱ्या दोराने त्या पाडल्या आहेत. दोर ओला व्हायचा, त्याला वाळू चिकटायची आणि पुलाशी वळताना तो दगडावर घासायचा. दिवसातून कितीतरी वेळा आणि वर्षानुवर्षं. दगड वाचावा म्हणून पुढे कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या बसवल्या. दोराने लोखंडही कापलं!

घोडा चालायचा त्या कालव्याकाठच्या वाटेला टो-पाथ म्हणतात. काही ठिकाणी ती डाव्या काठावरून उजव्या काठावर जाते. आता तुम्हीच विचार करा. घोडा डावीकडे, त्याचा लांबलचक दोर मागच्या नावेला बांधलेला. घोडा पूल चढून उजवीकडे उतरला आणि तसाच पुढे निघाला, तर दोर पुलावरून जाणार आणि नाव पुलाखाली अडकणार. मग दर वेळी दोर सोडा, पुन्हा बांधा. दोर न सोडता घोडा पलीकडे न्यायचा कसा?

(पुढे वाचण्याआधी दोरा, काडेपेटी आणि पुस्तकांचा पूल करून पाहा बरं!)

१८३१ साली सुरू झालेल्या मॅकल्सफील्ड कालव्यावर याचं फार झकास उत्तर आहे. घोडा अलीकडच्या चढावरून पुलावर जातो, कालवा ओलांडतो, पण पुढच्या बाजूला उतरत नाही. तो गोल वळसा घेत मागे फिरतो, पुलाच्या अलीकडेच खाली येतो आणि मग त्याच पुलाच्या कमानीखालून पुढे निघतो. त्याच्या मागोमाग दोरही कमानीखालूनच जातो. दोर सोडायचं काम नाही! या वेटोळ्यामुळे त्या पुलांना ‘सापपूल’ म्हणतात. दोर कुठे अडू नये म्हणून त्यांचे कठडेही गोलसर घडवलेले आहेत. दगड असा मऊसूत वळवलेला आहे, की कुणा शिल्पकाराचं काम वाटावं.

स्ट्रॅटफर्डच्या कालव्याने दुसरीच युक्ती काढली. पुलाखाली वाट ठेवायची म्हणजे कमान मोठी, म्हणजे खर्च मोठा. मग पुलाखाली वाट ठेवलीच नाही. पुलाचे दोन अर्धे भाग दोन्ही काठांवरून पुढे काढले आणि मधोमध एखाद्या इंचाची फट ठेवली. घोडा पुलाला वळसा घालून जायचा आणि दोर त्या फटीतून सरकवायचा. तिथे लॉक सांभाळणाऱ्यांची घरंही गंमतशीर आहेत, पिंप आडवं ठेवावं तसं गोल छप्पर असलेली. पूल बांधणाऱ्यांना कमानीच येत होत्या, म्हणून त्यांनी घरांवरही कमानच टाकली, असं म्हणतात!

नाना तऱ्हेचे पूल

ऑक्सफर्ड कालवा १७९० मध्ये ऑक्सफर्ड शहरापर्यंत पोहोचला. त्याच्या दक्षिण भागात लाकडी उचलते पूल आहेत. पुलाच्या वर दोन जाड तुळया तिरप्या निघालेल्या असतात. तुळईच्या टोकावर वजन टाकलं की पूल सी-सॉसारखा वर उचलला जातो. त्यातले बरेचसे एरवी उघडेच असतात. शेतकऱ्याला गरज पडेल तेव्हा तो खाली घेतो.

याच कालव्याचा डोंगरमाथ्यावरचा भाग इतका वळणावळणाचा आहे की दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर ८ किलोमीटरही नाही, पण कालव्याने जायला जवळजवळ १८ किलोमीटर लागतात! डोंगर फोडण्यापेक्षा त्याच्या कडेकडेने समपातळीवर जायचं, हा जुना हिशेब. उत्तरेकडची अशी वळणं १८३० च्या सुमारास सरळ केली. तेव्हा तिथे बिडाचे पूल आले. हॉर्सली कंपनीच्या कारखान्यात त्यांचे भाग ओतायचे आणि जागेवर आणून जोडायचे. ब्रॉन्स्टन गावाजवळ कालव्याच्या तिठ्यावर असे दोन पूल शेजारी शेजारी आहेत. रंगवलेल्या जाळीच्या त्या हलक्या कमानी पाण्यात उतरतात तेव्हा अख्खं वर्तुळ पुरं होतं.

काही पूल मात्र खरोखरच मिरवण्यासाठी बांधले गेले. कालव्याला पार्लमेंटची परवानगी लागायची आणि पार्लमेंटमध्ये वजन होतं जमीनदारांचं. ‘माझ्या बागेतून कालवा नेताय? मग पूल शोभिवंत हवा!’ असा त्यांचा आग्रह. ब्रूड गावाजवळ थॉमस टेलफर्डने एका वाड्याच्या रस्त्यासाठी नक्षीदार कठड्यांचा पूल बांधला. कॉसग्रोव्हचा दगडी पूल तर एखाद्या जुन्या चर्चचा तुकडा वाटतो. आणि ड्रेटनला एका साध्या पायपुलाला दोन बाजूंना किल्ल्याचे बुरूज आहेत! चढायचं ते बुरजातल्या गोल जिन्याने.

ईस्ट मार्टन गावात एका कमानीच्या डोक्यावर दुसरी कमान उभी आहे. रस्त्याची पातळी उंच करायची झाली, तेव्हा जुना पूल पाडण्याऐवजी त्याच्यावरच नवा चढवला. नॉर्बरीजवळचा ३९ नंबरचा पूल आणखी अजब. खोल, काळोख्या खिंडीत उंच कमान, कमानीत मधेच एक आडवी विटांची पट्टी आणि त्या पट्टीवर चक्क एक जुना तारेचा खांब! जानेवारी १८७९ मध्ये तिथून रात्री गाडी हाकणाऱ्या एका मजुराच्या घोड्यावर माकडासारखं काळं भूत झेपावलं, अशी दंतकथा शार्लट बर्न या बाईंनी लोककथांच्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. तेव्हापासून त्या पुलाखालून जाताना नाववाले एकमेकांना ही गोष्ट सांगतातच.

आणि ब्रिंडलीच्या त्या पहिल्या पाणपुलाचं काय झालं? मोठ्या जहाजांचा कालवा करताना तो १८९३ साली पाडावा लागला. पण १८९४ मध्ये त्याच्या जागी आला फिरता पाणपूल. जहाज आलं की दोन्ही बाजूंची दारं लावून, पोटात पाणी तसंच ठेवून तो सबंध पूलच फिरतो! तो आजही काम करतो.

मुक्काम पोस्ट: कालव्याचा काठ

पूर्वी नाववाल्यांची कुटुंबं नावेतच राहायची. नावेचा बहुतेक भाग मालाचा. माणसांसाठी मागे साधारण १० फूट लांब आणि ७ फूट रुंद एवढीच खोली. तीत चूल, बिछाना, कपाट आणि आई, बाबा, मुलं! रोज नवं गाव, त्यामुळे शाळा जवळजवळ नाहीच. मुलं घोडा हाकायची, लॉकची दारं उघडायची. एवढ्याशा घराला त्यांनी गुलाबाची फुलं आणि किल्ले यांच्या रंगीत चित्रांनी सजवलं होतं. रात्री थांबायचं ते जिथे घोड्याला तबेला मिळेल तिथे, म्हणजे बहुधा एखाद्या पुलाजवळच्या खाणावळीपाशी.

आज तबेल्याची गरज नाही. टो-पाथच्या बाजूला, मनाई नसेल तिथे नाव बांधता येते. पद्धत सोपी आहे. नाव हळूच काठाला लावायची, दोन लोखंडी मेखा जमिनीत ठोकायच्या, पुढचा आणि मागचा दोर त्यांना बांधायचा. पण नियम आहेत बरं का! पुलाखाली, वळणावर, लॉकच्या तोंडाशी नाव बांधायची नाही. नाव वळवण्यासाठी कालवा जिथे मुद्दाम रुंद केलेला असतो तिथेही नाही. एका जागी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. रात्री ८ ते सकाळी ८ इंजिन बंद. आणि चालत्या नावेने बांधलेल्या नावेजवळून जाताना वेग आणखी कमी करायचा, नाहीतर लाटेने मेखा उपटतात आणि शेजाऱ्याचा चहा सांडतो! तसाही कालव्यावर कमाल वेग ताशी ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच आहे. भरभर चालणारा माणूस जवळपास बरोबरीने येईल.

खेड्याजवळचा असा मुक्काम म्हणजे काय असतो? मे महिन्यात हॉथॉर्नच्या कुंपणाला पांढरी फुलं येतात. काठाच्या गवतात पाणकोंबडी पिलांना फिरवते. राखी बगळा एका पायावर उभा असतो आणि निळ्या खंड्याची एक रेघ पाण्यावरून सपकन जाते. इंजिन बंद झालं की आधी काहीच ऐकू येत नाही. मग एकेक आवाज येऊ लागतो: गाईचं गवत उपटणं, नावेच्या बुडाला लागणारं पाणी, लांबच्या चर्चची घंटा. शेजारचा पूल सकाळी धुक्यात अर्धाच दिसतो.

स्टॅफर्डशरमधलं टिक्सल वाइड हे अशा मुक्कामांसाठी फार आवडतं ठिकाण. तिथे कालवा एकदम सरोवराएवढा पसरट होतो. तिथल्या जमीनदाराने म्हणे सांगितलं होतं, की माझ्या घरातून कालवा दिसता कामा नये, तळं दिसलं पाहिजे! ते घर १९२७ साली पाडलं गेलं. त्याचं चारशे वर्षांहून जुनं प्रवेशद्वार तेवढं कुरणात एकटंच उभं आहे, आणि त्याच्यासमोर संध्याकाळी नावांची रांग लागते.

पूल खाली आला तर?

रेल्वे आली आणि कालव्यांचे दिवस फिरले. रेल्वे कंपन्यांनीच कितीतरी कालवे विकत घेतले आणि मग त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. कालवा मारायला तो बुजवावाच लागतो असं नाही. पूल हातभर खाली आणला तरी पुरतं! त्याच्याखालून नाव गेली नाही की पलीकडचा सगळा कालवा मेलाच.

किंग्ज नॉर्टनजवळ नेमकं हेच झालं. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा एक उचलता पूल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोडला. कालवा होता ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मालकीचा. कंपनीने तिथे न उचलता येणारा, अगदी खालचा पूल टाकून दिला. पण टॉम रोल्ट नावाचा एक इंजिनिअर ‘क्रेसी’ नावाच्या जुन्या नावेत संसार थाटून राहत होता. त्याने लिहिलेलं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ साली आलं आणि लोकांना कळलं, आपल्याच गावामागे एवढी सुंदर गोष्ट मरायला टेकली आहे. ते पुस्तक वाचून रॉबर्ट आयकमनने रोल्टला पत्र लिहिलं. १९४६ मध्ये दोघांनी इतरांना घेऊन ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ ही संस्था काढली.

कायद्याने त्या कालव्यावर नाव नेण्याचा हक्क शिल्लक होता. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळालं की आधी सूचना दिली तर पूल उचलून देऊ. बहुधा उत्तर देणाऱ्यांना वाटलं असेल, कोण येतंय! १९४७ साली रोल्टने रीतसर सूचना दिली आणि तो खरोखरच क्रेसी घेऊन हजर झाला. रेल्वेच्या माणसांना जॅक लावून पूल उचलावा लागला. लोक पाहत होते आणि खालून नाव कशीबशी सरकत गेली. पुढे तिथे उघडता येणारा पूल झाला.

दुसरी गोष्ट त्याच कालव्याच्या दक्षिण भागाची. विल्मकोट हे शेक्सपिअरच्या आईचं गाव. तिथला पूल नव्याने बांधायला आला होता. नावा जातील इतका उंच पूल बांधायचा म्हणजे खर्च जास्त. तेव्हा काउंटी कौन्सिलने १९५८ मध्ये अर्ज केला की हा कालवाच रीतसर बंद झाल्याचं जाहीर करा. तीन वर्षांत कुणी वापरला नसेल तर तसं करता येत होतं. कालवा गाळाने आणि गवताने भरलेला, मोठी नाव जाणं शक्यच नाही. सगळ्यांना वाटलं, संपलं आता.

पण दोघे जण मधल्या काळात तिथून छोटी कनू वल्हवत गेले होते. रीतसर कर भरून गेले होते. आणि त्या कराची तारीख घातलेली पावती त्यांनी जपून ठेवली होती! कालवा वापरात आहे, याचा तो पुरावा ठरला. अर्ज फेटाळला गेला. १९६० मध्ये नॅशनल ट्रस्टने कालवा हाती घेतला. डेव्हिड हचिंग्ज या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली स्वयंसेवक, सैनिक आणि तुरुंगातले कैदीसुद्धा कामाला लागले. गुडघाभर गाळ उपसला, लॉकची दारं नवी केली. सुमारे २१ किलोमीटर कालवा आणि ३६ लॉक पुन्हा उभे राहिले. जुलै १९६४ मध्ये राजमातेच्या हस्ते तो खुला झाला. मग इतर गावांनाही हुरूप आला. १९६८ साली मँचेस्टरजवळ अ‍ॅश्टन कालव्यावर ६०० स्वयंसेवकांनी शनिवार-रविवारात २,००० टन कचरा उपसला!

आता इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही संस्था २०१२ पासून सांभाळते. पण काळजी संपलेली नाही. घोडागाडीसाठी बांधलेल्या पुलांवरून आज ट्रक जातात. वशिंडामुळे पलीकडचं दिसत नाही, पूल अरुंद, आणि गाडी कठड्याला धडकते. मग पाण्यात पडलेले दगड शोधून वर काढायचे, जुन्या विटांशी जुळणाऱ्या विटा मिळवायच्या आणि चुन्याने जोडायच्या. कारण कडक सिमेंट जुन्या मऊ विटांना मानवत नाही. या सगळ्याला पैसा लागतो, आणि २०२७ नंतर सरकारी अनुदान वर्षावर्षाने कमी होत जाईल, असं तिथल्या सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. त्यामुळे स्वयंसेवक आजही लागतात. कुणी गवत काढतं, कुणी लॉकवर मदत करतं, कुणी पुलांच्या पाट्या रंगवतं.

पूल वाचायचा कसा?

पुस्तकात, टीव्हीवर किंवा प्रत्यक्ष कधी असा पूल दिसला तर एवढं शोधा:

१. रंग: विटा की दगड? म्हणजे खालची जमीन कशी आहे ते कळेल.

२. कमान: अगदी वरचा मधला दगड कोणता?

३. भिंती: सरळ आहेत की वळलेल्या? मागे कललेल्या आहेत का?

४. कडा: दोराच्या खाचा आहेत का? कमानीच्या कोणत्या बाजूला? टो-पाथ त्याच बाजूला असणार.

५. पाटी: क्रमांक किती? पुढे ‘ए’ असेल तर तो मागाहून आलेला पूल.

६. दोन्ही टोकं: पूल कुठून कुठे जातो? शेतातून शेतात जात असेल, तर तो कुणा शेतकऱ्याच्या गाईंसाठी बांधलेला असेल.

तुमच्या जवळपास एखादा जुना कमानीचा पूल असेल, तर यातल्या पहिल्या तीन गोष्टी तिथेही पाहता येतील. आई-बाबांना बरोबर न्या, कठड्यावर चढू नका, आणि वहीत चित्र काढून खाली तारीख घालायला विसरू नका. एका तारखेच्या पावतीने काय केलं, ते तुम्ही आत्ताच वाचलंय!